पोरीचे केस गेले, आपली अक्कल का जावी?



दिवाळीनंतरच्या दोन जिल्हा बैठकांना आमचा एक जुना सहकारी आला नाही. हा माणूस असा, की लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात जाऊन आला, वेचणीच्या ऐन घाईत पऱ्हाटी तशीच सोडून मोर्चाला आला, पण बैठक कधी चुकवली नाही. पहिल्या वेळी आम्ही म्हटले, कापूस घेऊन गेला असेल. दुसऱ्या वेळी निरोप धाडला, तर उत्तर आले, "घरी अडचण आहे." शेतकऱ्याच्या घरची अडचण म्हणजे बँक, सावकार नाहीतर दवाखाना. चौथे काही आम्हाला सुचेना. म्हणून आम्ही तिघे त्याच्या गावी गेलो.

अडचण म्हणजे त्याची दहावीतली मुलगी. एके दिवशी वेणी घालताना आईला तिच्या डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली. आठ दिवसांत तशा तीन जागा झाल्या. महिना सरता सरता अर्धे डोके उघडे पडले. उशीवर केस, कंगव्यात केस, न्हाणीच्या मोरीत केस. शाळा बंद झाली. आईने भिंतीवरचा आरसा काढून धान्याच्या कोठीमागे ठेवला होता. पोरगी आतल्या खोलीत, डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळून बसलेली. बाप आमच्याशी बोलताना जमिनीकडे पाहत होता. म्हणाला, "पोट्टी शाळेत जात नाही, धड जेवत नाही. मी बैठकीत येऊन कोन्या तोंडानं बोलू?"

आता हे ऐका. याच माणसाच्या दारावर बँकेची जप्तीची नोटीस लागली होती, तेव्हा हा चावडीवर ताठ मानेने उभा राहिला होता. कर्ज फिटत नाही हा माझा गुन्हा नाही, भाव मारून मला लुटले म्हणून फिटत नाही, असे त्याने अधिकाऱ्याला भर गावात सुनावले होते. थकलेल्या कर्जाची लाज आपण टाकून दिली, त्याला वर्षे झाली. आणि तोच माणूस लेकीच्या डोक्यावरचे केस गेले म्हणून मान खाली घालतो? केस गेले त्यात त्या पोरीने काय चोरले? बापाने काय बुडवले?

पण गावाने तेवढ्या दिवसांत पंचनामा उरकला होता. कोणी म्हणाले करणी आहे. कोणी म्हणाले केसात किडा शिरला. कोणी म्हणाले पोरगी रोज शाम्पू लावते, मग दुसरे काय होणार. शेजारणीने आपल्या मुलीला तिच्याजवळ बसू नको म्हणून सांगितले. एका नातलगाने, बोलावले नसताना येऊन, हिला आता स्थळ कोण देणार याची चिंता आईसमोर, आणि पोरीला ऐकू जाईल अशा आवाजात, करून दाखवली. पोरगी पंधरा वर्षांची. एका बुवाने अंगारा दिला, त्याचे पैसे वेगळे. तालुक्याच्या एका दुकानदाराने तीन बाटल्या तेल दिले. त्या तेलाला घरातली दोन पोती तूर गेली.

गावाला नावे ठेवून आम्ही मोकळे होणार नाही, कारण त्या दिवशी सगळ्यांत मोठी चूक आम्हीच केली. आम्ही कार्यकर्ते. आम्हाला प्रत्येक घरात मोर्चा दिसतो. पोरगी चहा घेऊन बाहेर आली, तशी आमच्यातल्या एकाने तिला दुपट्टा काढून दाखवायला सांगितले. तिने आईकडे पाहिले. मग काढला. आम्ही तिघांनी पाहिले, एकमेकांकडे पाहिले, आणि आमच्या तोंडून एकच शब्द निघाला, शेगाव.

शेगाव का, ते तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत, माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस ओढला की मुठीत यायचा, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. अठरा गावांतली सुमारे पावणेतीनशे माणसे. लहान पोरे, कॉलेजात जाणारी मुले-मुली, म्हातारी माणसे, कोणी सुटले नाही. वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीवाल्यांनी त्याला "टक्कल व्हायरस" असे नाव ठेवले. व्हायरस कोणी पाहिला नव्हता, कोणत्या प्रयोगशाळेत सापडला नव्हता. पण नाव पडले आणि त्या गावांकडे जग तसेच पाहू लागले. पोरांना शाळा-कॉलेजात हसू लागले, ठरत आलेली लग्ने अडू लागली. हसण्याला कंटाळून कित्येकांनी उरलेले केसही उतरवून टाकले. रोगाने केस नेले, नावाने माणसातून उठवले.

आरोग्य खात्याची माणसे आली. आधी बुरशीचा संशय घेतला, मग पाणी तपासले. खारपाणपट्ट्याचे पाणी ते, त्यात क्षार आणि नायट्रेट निघाले नसते तरच नवल. पण त्या पाण्यावर तर तिथल्या पिढ्या गेल्या, केस आताच का गेले? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने घेऊन गेले. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपली तपासणी मांडली. हे महाडचे बावस्कर, विंचूदंशावरच्या उपचाराने ज्यांनी हजारो शेतकऱ्यांचे आणि पोराबाळांचे जीव वाचवले तेच. त्यांचे म्हणणे असे, की या लोकांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम नावाचे द्रव्य कितीतरी पटींनी जास्त आहे, आणि ते रेशनच्या गव्हातून आले आहे. गव्हात किलोला साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम निघाले. असायला हवे ते फार तर दोनच्या आत. गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला.

सेलेनियम हे शरीराला चिमूटभराच्याही हजाराव्या हिश्श्याएवढे लागते. त्याहून फार झाले की केस आणि नखे जातात. हे काही नवे नाही. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ मध्ये असेच गावेच्या गावे टकली झाली होती. तिथे दुष्काळ पडला, भात बुडाले आणि लोकांना सेलेनियम भरलेल्या जमिनीतला मका आणि भाजीपाला खाऊन दिवस काढावे लागले. पंजाबातही शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी, नवांशहर आणि होशियारपूरच्या काही गावांत, जमिनीत सेलेनियम आहे. जनावरांचे केस आणि खूर गळतात हे तिथल्या कृषी विद्यापीठाने कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. तिथला शेतकरी आपला भाऊ आहे. त्याने गव्हात विष कालवले नाही, तो स्वतः तोच गहू खातो. प्रश्न आहे तो गोदामात गहू घेणाऱ्याचा.

तर हे सगळे आमच्या डोक्यात भरलेले. आम्ही त्या पोरीला सांगितले, बाई, घाबरू नको, हा रेशनचा गहू आहे. पुढच्या मोर्चात तू आमच्या सोबत पुढे चाल, कलेक्टरसमोर डोके उघडे कर, सरकारला उत्तर द्यावे लागेल. आम्हाला वाटले आम्ही तिला धीर देतो आहोत.

पोरगी म्हणाली, "तुम्हाला माहं डोकं पाह्यजे का मी?"

तिघांपैकी कोणालाच उत्तर सुचले नाही. चहा निवला.

चार दिवसांनी तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चामडीच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरीणबाईंनी केस पाहिले, नखे पाहिली, घरात दुसऱ्या कोणाचे केस गेले का विचारले. घरात कोणाचेही गेले नव्हते, गावातही नाही. आणि रेशनचा गहू त्या घरात कोंबड्यांनाच जास्त पडत होता, हे तिच्या आजीने तिथे सांगितले. बाई म्हणाल्या, ही चाई आहे. अंगात रोगाशी लढणारी जी शक्ती असते, ती चुकून केसांच्या मुळांवरच उलटते. किडा नाही, करणी नाही, गहूही नाही. एकाची दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा, एका उशीवर झोपा, लागत नाही. पुष्कळांचे केस परत येतात, काहींचे येऊन पुन्हा जातात, थोड्यांचे येत नाहीत. कोणाचे येतील हे आज सांगता येत नाही, उपचार मात्र आहे. आणि ते तेल आजच बंद करा.

म्हणजे गाव खोटे बोलत होते आणि आम्हीही. गावाने तिच्या डोक्यावर करणी पाहिली, आम्ही धोरण पाहिले. पोरीकडे कोणीच पाहिले नव्हते.

म्हणून आधी एवढे समजून घ्या, की अचानक केस गेले म्हणजे सगळ्यांना एकच झाले असे नसते. टायफॉइड, डेंग्यू, मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्याचे केस विरळ होतात आणि बहुधा आपोआप परत येतात. पोरीच्या अंगात रक्त कमी असेल तरी केस गळतात, आणि आपल्या घरात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी कोण जेवते ते तुम्हाला ठाऊक आहे. डोक्यात खवले, खाज, पू आणि तुटके केस असतील तर तो गजकर्णाचा प्रकार. तो मात्र एकाचा दुसऱ्याला लागतो, त्याला पोटातून गोळ्या लागतात, आणि कृषी केंद्राशेजारच्या मेडिकलवाल्याने दिलेले भारी मलम लावले तर आणखी पसरतो. आणि एकाच गावात, एकाच आठवड्यात, चार घरांत केस जाऊ लागले, सोबत नखे पांढरी पडू लागली, तर समजा की खाण्यात किंवा पाण्यात काही आहे. त्या दिवशी धान्याची एक पिशवी बांधून, तारीख घालून बाजूला ठेवा आणि आरोग्य केंद्राला लेखी कळवा. यांतले कोणते हे ओळखणे डॉक्टरचे काम. बुवाचे नाही, दुकानदाराचे नाही आणि कार्यकर्त्याचे तर मुळीच नाही.

आता त्या स्थळाच्या गोष्टीकडे येतो, कारण खरा काटा तिथे आहे. मुलाचे केस गेले तर दोस्त हसतात, टोपी हिसकावतात, तेही वाईटच. पण मुलीचे गेले तर घरचेच तिची किंमत कमी करतात. बाईचे उघडे डोके पाहून आपण एवढे का दचकतो? कारण या मुलुखात बाईचे डोके एकेकाळी शिक्षा म्हणून भादरले जाई. नवरा मेला की केशवपन. ही चाल मुख्यतः उच्चवर्णीयांच्या घरांतली. शेतकऱ्याच्या घरची विधवा दुसऱ्या दिवशी डवऱ्यामागे उभी असे, तिला कोण सोवळी करत बसणार? आणि ही चाल मोडायला पुढे कोण आले? नाभिक समाज. १८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी ठरवले, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपल्या धंद्यावर पाणी सोडून बाईची लाज राखली. आणि आपण ती न आपली लाज उसनी आणून पंधरा वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर ठेवतो.

आपल्याच आंदोलनाने १९८६ मध्ये चांदवडला लाखो बायांचे अधिवेशन भरवले. पुढे लक्ष्मीमुक्तीत गावोगाव शेतकऱ्यांनी आपल्या हाताने कारभारणीच्या नावावर जमीन केली. त्या आंदोलनाचे आम्ही पाईक, आणि आमच्याच घरात पोरीची किंमत वेणीच्या लांबीवर ठरणार? मग चांदवडला काय आपण जत्रेला गेलो होतो?

घरात करायचे काय, असे आमच्या सहकाऱ्याने डॉक्टरीणबाईंना विचारले. बाई म्हणाल्या, तिलाच विचारा. साधे उत्तर, पण महिनाभर कोणी विचारले नव्हते. आईने विचारले तर पोरगी म्हणाली, उरलेल्या बटा काढून टाका, त्या गळताना पाहवत नाहीत. बापाला रडू आले, पण काढल्या, घरीच, आईच्या हाताने. पोरगी म्हणाली, आरसा जागेवर लावा. लावला. म्हणाली, आल्यागेल्याला सांगत बसू नका, कोणाला सांगायचे ते मी ठरवीन. हे सगळ्यांत कठीण गेले, कारण आपल्याकडे दुखणे सांगितल्याशिवाय पाहुण्याला चहा गोड लागत नाही. दुसऱ्या घरातला पोरगा म्हणेल, मला टोपी द्या. तिसरी म्हणेल, मी उघडीच फिरते. ज्याचे डोके त्याचा कौल.

शाळेत बाप आधी एकटा गेला. मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षिकेला बोलावले, आणि पोरगी येण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी वर्गाला दोन वाक्यांत सांगितले, की ही चाई आहे, लागत नाही, आणि स्कार्फ ओढणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे. भाषण केले नाही. परीक्षेच्या केंद्रावर ऐनवेळी कोणी स्कार्फ काढायला लावू नये म्हणून मुख्याध्यापकांनी केंद्रसंचालकांना आधीच सांगून ठेवले. याला सरकारी योजना लागली नाही, एक रुपया लागला नाही.

आणि एक गोष्ट, जी लिहायला आमचा हात जड होतो. ही वऱ्हाडाची माती आहे. आपल्या प्रत्येकाच्या घरात फवारणीचे औषध असते, बहुधा खाटेखाली नाहीतर न्हाणीच्या कोनाड्यात. या वयाच्या पोराला वाटते की आजचे टक्कल म्हणजे सगळा जन्म. तो जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, मित्र तोडून बसला, मी नसतो तर बरे असे म्हणू लागला, तर "नाटकं करते" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. औषधाच्या बाटल्या त्याच दिवशी कुलपात टाका, चावी आपल्या करदोट्याला बांधा, आणि त्याला एकटे ठेवू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस फोन आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आम्ही सरकारची स्तुती करत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

राहिला रेशनचा गहू. तो प्रश्न आम्ही सोडला असे कोणी समजू नये. उलट आता तो आमच्या डोक्यावर लढायचा आहे, पोरांच्या नाही. सीसीआयच्या केंद्रावर आपला कापूस गेला की ग्रेडर आधी ओलावा मोजतो. आठ टक्क्यांच्या वर काटा गेला की भाव कापतो, बाराच्या वर गेला की गाडी परत. आपला घाम मोजायला सरकारजवळ एवढे बारीक यंत्र आहे. आणि गोदामात गहू घेताना काय पाहतात? ओलावा, खडा, फुटका दाणा, किडका दाणा. दाण्यात सेलेनियम किती हे पाहण्याची पद्धत नाही. जमिनीत ते आहे हे माहीत असलेल्या भागातला गहू तरी तपासून घ्या, एवढेच आमचे मागणे आहे. आणि नमुने नेले त्यांचा अहवाल त्या गावांच्या ग्रामसभेत, मराठीत, उभे राहून वाचा. ज्याच्या डोक्याचा केस नेला त्याला त्या केसात काय निघाले हे कळले पाहिजे.

आणि ज्वारीच्या मुलुखात गव्हाची पोती का उतरतात, हेही विचारू. आपल्या बापांच्या काळात लेव्ही लावून घरातली ज्वारी ओढून नेली, मग पडत्या भावाने ज्वारी पेरणेच नकोसे केले. उरलेली रोही आणि रानडुकरांनी खाल्ली, शेवटच्या पावसाने काळी पडली, आणि खरिपात सोयाबीन आले. कडबा गेला, त्याच्या मागे बैल गेला. २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये जाहीर झाला. तो भाव देणारा व्यापारी कोणाला भेटला असेल तर त्याने बैठकीत उठून सांगावे, आम्ही हार घालू. २०२३ पासून रेशनचे धान्य फुकट आहे. भीक नको, हवे घामाचे दाम, ही आपली घोषणा. दाम दिला असता तर शेगावच्या पोरांच्या ताटात आपल्याच वावरातली भाकर असती.

ही पोरगी परीक्षेला बसली. सगळे पेपर दिले, स्कार्फ बांधून. मागच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तिच्या कपाळाच्या वर पांढरी लव फुटली होती. चाईत पहिले केस कधी कधी पांढरे येतात, पुढे काळे होतात म्हणे. या वेळी तिने स्वतःच दाखवले. मोर्चाचा विषय आम्ही काढला नाही. तिने काढला, म्हणाली, गव्हाच्या निवेदनाचा कागद मी लिहून देते, तुमचे अक्षर वाईट आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीत ते निवेदन वाचले जाईल. येताना आपापल्या गावात केसांपायी, कोडापायी किंवा अशाच कशापायी शाळा सोडून घरी बसलेली किती मुले-मुली आहेत तो आकडा घेऊन या. नावे आणू नका.